कागदपत्रं उशिरा दिली, आता बचाव वाचवायचा कसा?

नाशिकच्या दिवाणी कोर्टात दिसणारा मामला घ्या. द्राक्षाच्या थकलेल्या पैशांचा दावा. काटा पावत्या आणि खातेवह्या शपथपत्रावर उघड करा, असा हुकूम प्रतिवादी व्यापाऱ्यावर झाला, दोन-तीन तारखा तशाच गेल्या आणि वादीने दिवाणी प्रक्रिया संहितेच्या आदेश ११ नियम २१ खाली बचाव काढून टाकण्याचा, म्हणजे प्रतिवादीची कैफियत विचारात न घेण्याचा, अर्ज दिला. कसूर वादीची असेल तर दावाच फेटाळला जाऊ शकतो, आणि त्याच कारणावर नवा दावा लावता येत नाही.

आधी मूळ हुकूम शब्दशः वाचा. रोजनाम्यातल्या (कोर्टाच्या तारीखवार नोंदीतल्या) दोन ओळींवर विसंबू नका, अर्जाच्या निशाणीवरचा (नोंद क्रमांक पडलेल्या मूळ अर्जावरचा) हुकूम काढा. नियम २१ मध्ये प्रश्नावलीची उत्तरं, कागदपत्रांचं प्रकटन (कोणते कागद आहेत ते शपथेवर सांगणं) आणि पाहणी एवढ्याचाच उल्लेख आहे. हुकूम नियम १४ खाली फक्त कागद हजर करण्याचा असेल, तर नियम २१ लागूच होत नाही हा मुद्दा म्हणण्यात, म्हणजे वादीच्या अर्जावरच्या लेखी उत्तरात, पहिला घ्या.

मग पूर्तता करून टाका. मुदतवाढीचा कोरा अर्ज टिकणं अवघड. सोबत शपथपत्र आणि कागदयादी जोडलेली हवी. शपथपत्राचा नमुना परिशिष्ट ‘क’ मधला क्रमांक ५. गडबड होते ती त्याच्या दुसऱ्या अनुसूचीत. पूर्वी ताब्यात होते पण आता नाहीत, असे कागद तिथे लिहायचे: शेवटचे कधी होते आणि आता कोणाकडे आहेत. ‘वही गहाळ झाली’ एवढंच लिहिलं की समोरचा वकील त्यालाच लपवाछपवी म्हणतो. वही करसल्लागाराकडे असेल तर तसं लिहा आणि त्याचं पत्र जोडा.

अर्ज कलम १४८ (मुदतवाढ) आणि १५१ (न्यायालयाचे अंगभूत अधिकार) खाली करा. मुदत संपून गेल्यावरही ती वाढवता येते. कलम १४८ मध्ये एकूण ३० दिवसांची मर्यादा आहे, पण कारण पक्षकाराच्या हाताबाहेरचं असेल तर ती आड येत नाही, असं सर्वोच्च न्यायालयाने २००५ च्या सेलम अॅडव्होकेट बार असोसिएशन प्रकरणात म्हटलं आहे. प्रत्येक चुकलेल्या तारखेचं कारण वेगळं द्या, पुराव्यासह. ‘अपरिहार्य कारणास्तव’ हा शब्द अर्जात दिसला की अर्धा अर्ज गेलाच समजा. उशिराबद्दल खर्च भरायची तयारी स्वतःहून लिहा.

युक्तिवादात सर्वोच्च न्यायालयाचा १९७८ चा बब्बर सुइंग मशीन निवाडा ठेवा: बचाव काढणं हा टोकाचा उपाय, हट्टाने किंवा जाणूनबुजून केलेल्या कसुरीसाठीच. शिवाय नोटीस आणि म्हणणं मांडायची संधी दिल्याशिवाय नियम २१ चा हुकूम करता येत नाही.

हुकूम होऊन गेला असेल तर आदेश ४३ नियम १(फ) खाली अपील आहे. जिल्हा न्यायालयात जायचं तर मुदत ३० दिवस. पक्की नक्कल मिळायला लागलेले दिवस त्यातून वजा होतात, म्हणून नकलेचा अर्ज त्याच दिवशी टाका. अपिलासोबत स्थगितीचा अर्ज द्यायला विसरू नका, नाहीतर खालच्या कोर्टात पुरावा सुरू होतो. सुरू झालाच, तर वादीच्या साक्षीदाराची उलटतपासणी सोडू नका. बचाव गेला तरी वादीची बाजू खोटी पाडण्यापुरते प्रश्न विचारता येतात. स्वतःची नवी हकिकत मात्र त्यात घुसवता येत नाही.

व्यापारी न्यायालयाच्या दाव्यांना आदेश ११ ची वेगळी, कडक आवृत्ती लागते. तिथे ही पद्धत जशीच्या तशी वापरू नका.