भाचीसोबत बांधलेला पाच वॅटचा व्हॉल्व्ह ॲम्प

सुट्टीत भाची सांगलीला आली ती इलेक्ट्रिक गिटार घेऊनच. दुसऱ्या दिवशी म्हणाली, "मामा, आजोबा व्हॉल्व्हचे रेडिओ दुरुस्त करायचे ना? मग आपण व्हॉल्व्हचा ॲम्प करू या." तिने तोवर सोल्डरिंग आयर्न हातात धरलं नव्हतं. तीन आठवड्यांनी त्या ॲम्पवर, म्हणजे गिटारचा आवाज मोठा करणाऱ्या ॲम्प्लिफायरवर, ती वाजवत होती. पहिल्यांदाच असा ॲम्प करणाऱ्यांसाठी आम्ही काय केलं ते क्रमाने लिहितो.

सर्किट निवडलं फेंडर चॅम्पचं, ५एफ१. १९५०च्या दशकातला हा अमेरिकन ॲम्प शिकायला मला सगळ्यात योग्य वाटतो. व्हॉल्व्ह, म्हणजे ट्रान्झिस्टरच्या आधीच्या काचेच्या नळ्या, तीनच: १२एएक्स७, ६व्ही६ आणि एसीचा डीसी करणारा रेक्टिफायर ५वाय३. एक व्हॉल्यूम, साधारण पाच वॅट. घरात पाच वॅट भरपूर होतात. वीस नॉबवाल्या ॲम्पचा मोह पहिल्या वेळी टाळा. बिघाड शोधताना वीस जागी शोधावं लागतं.

काही विकत घेण्याआधी सर्किट कागदावर मोठं काढा आणि सिग्नलच्या वाटेवर बोट फिरवा. गिटारमधून सिग्नल येतो, ६८ के (किलोओहम) रेझिस्टरमधून १२एएक्स७च्या पहिल्या अर्ध्या भागाच्या ग्रिडवर, म्हणजे सिग्नल घेणाऱ्या जाळीवर जातो. प्लेटवर, म्हणजे व्हॉल्व्हच्या बाहेर पडण्याच्या टोकावर, तो मोठा होतो, ०.०२ मायक्रोफॅरडचा कपॅसिटर डीसी अडवून फक्त सिग्नल पुढे सोडतो. मग १ मेगओहमचा व्हॉल्यूम, व्हॉल्व्हचा दुसरा अर्धा भाग, पुन्हा तसाच कपॅसिटर, ६व्ही६, आउटपुट ट्रान्सफॉर्मर आणि स्पीकर. भाचीला ही वाट न बघता सांगता यायला दोन संध्याकाळी लागल्या. तोवर मी पार्टचा डबा उघडू दिला नाही, आणि ते बरंच झालं.

सामानात एक गोष्ट डोळ्यांत तेल घालून बघायची: पॉवर ट्रान्सफॉर्मरची प्रायमरी, म्हणजे मेन्सची बाजू, २३० व्होल्टचीच हवी. चॅम्पसाठी म्हणून मिळणारे कितीतरी ट्रान्सफॉर्मर १२० व्होल्टचे असतात. सेकंडरी ३२५-०-३२५, शिवाय ६.३ व्होल्ट आणि ५ व्होल्टची वाइंडिंग. आम्ही गावातच वाइंड करून घेतला. पहिल्या खेपेला ५ व्होल्टचं वाइंडिंग राहूनच गेलं होतं, चार दिवस गेले. कागदावर लिहून द्या आणि घेताना दुकानातच मीटर लावून बघा. फिल्टर कपॅसिटर ५०० व्होल्टचे घ्या, ४५०चे नकोत. ५वाय३नंतरच्या पहिल्या कपॅसिटरची किंमत १६ ते २० मायक्रोफॅरडच ठेवा. हम (वीजपुरवठ्याची घुमघुम) कमी होईल म्हणून तिथे १००चा लावला तर रेक्टिफायरवर दर वेळी मोठा झटका बसतो.

आता जीवावरची गोष्ट. या ॲम्पमध्ये साडेतीनशे व्होल्ट डीसी असतो आणि प्लग काढल्यावरही तो कपॅसिटरमध्ये बसून राहतो. पहिल्या फिल्टर कपॅसिटरवर २२० के, २ वॅटचा रेझिस्टर कायमचा जोडा. अर्ध्या-पाऊण मिनिटात चार्ज उतरतो. तरीही आत हात घालण्याआधी मीटर लावून पाच व्होल्टच्या खाली आल्याचं बघायचंच. बाबांची पद्धत अशी होती की मीटरची काळी क्लिप चासीला, म्हणजे ॲम्पच्या धातूच्या सांगाड्याला लावायची, डावा हात खिशात घालायचा आणि उजव्या हाताने प्रोब टेकवायचा. दोन्ही हात आत असले की करंट छातीतून जातो. भाचीच्या जीन्सला खिसा नव्हता, तर मी तिला माझा जुना शर्ट घालायला लावला. थ्री-पिनची अर्थिंगची वायर चासीला स्वतंत्र नटबोल्टने घट्ट बांधा, आणि घरातल्या सॉकेटला खरंच अर्थिंग आहे का ते आधी तपासून घ्या. लाइनमध्ये अर्ध्या ॲम्पिअरचा स्लो-ब्लो फ्यूज.

वायरिंगची सुरुवात हीटरपासून, म्हणजे व्हॉल्व्हला आतून तापवणाऱ्या तारेपासून. दोन तारांची एकेक टोकं खिळ्याला बांधली, दुसरी टोकं हातड्रिलच्या तोंडात धरली आणि भाचीने हळूहळू फिरवलं. छान घट्ट पीळ बसला. ही जोडी चासीच्या कोपऱ्याला चिकटवून न्या, ग्रिडच्या तारांपासून लांब. १२एएक्स७ला ६.३ व्होल्ट द्यायचे तर पिन ४ आणि ५ एकत्र, दुसरी तार ९ला. ६व्ही६ला २ आणि ७. पिना खालून, म्हणजे सोल्डरच्या बाजूने बघून घड्याळाच्या दिशेने मोजायच्या. हीटरच्या वाइंडिंगला सेंटर टॅप (मधून काढलेली तार) नसेल तर दोन्ही तारांकडून १०० ओहमचा एकेक रेझिस्टर अर्थला जोडा, हम बराच खाली येतो.

सोल्डर करताना आधी टॅग (तार जोडायची धातूची पट्टी) तापवा, मग तापलेल्या टॅगला सोल्डर लावा. आयर्नवर सोल्डर घेऊन थापायचं नाही. भाचीचे पहिले वीस जोड मी ओढून काढले आणि तिने ते पुन्हा केले. पुढच्या एकालाही हात लावावा लागला नाही.

चालू करताना टप्पे पाळा. सिरीज बोर्डमध्ये, म्हणजे बल्ब आणि ॲम्प एकामागोमाग जोडणाऱ्या बोर्डमध्ये, जुना ६० वॅटचा पिवळा बल्ब लावा आणि ॲम्प त्यातून चालवा. आत कुठे शॉर्ट असेल तर बल्ब भगभगीत पेटतो आणि ट्रान्सफॉर्मर वाचतो. आधी एकही व्हॉल्व्ह न लावता वाइंडिंगचे व्होल्ट मोजा. मग १२एएक्स७ आणि ६व्ही६ लावा, ५वाय३ बाहेरच ठेवा. हाय व्होल्टेज डीसी नसतं, पण हीटर लाल होतात. ५वाय३च्या सॉकेटवर मात्र ट्रान्सफॉर्मरचा हाय व्होल्टेज एसी असतोच, तिथे हात नको. स्पीकर जोडल्यावरच ५वाय३ लावायचा. स्पीकरशिवाय वाजवलात तर आउटपुट ट्रान्सफॉर्मर जळू शकतो.

आमचा ॲम्प पहिल्यांदा चालू झाला तो किंचाळतच. व्हॉल्यूम शून्यावर, तरी कानठळ्या बसवणारी शिट्टी! भाची दचकून मागे सरली, मी आधी प्लग काढला. आउटपुट ट्रान्सफॉर्मरकडून २२ केमधून १२एएक्स७च्या दुसऱ्या अर्ध्या भागाच्या कॅथोडवर (व्हॉल्व्हमधलं तापणारं टोक) थोडा सिग्नल परत येतो, तो उलटा यायला हवा. तो सुलटा येत होता, म्हणून ॲम्प स्वतःलाच फुगवत होता. कपॅसिटर उतरू दिले, आउटपुट ट्रान्सफॉर्मरच्या प्रायमरीच्या दोन तारांची अदलाबदल केली, किंचाळी गेली.

मग बल्ब काढून मापं घेतली. ६व्ही६च्या प्लेटवर ३४०, कॅथोडवर १९. कॅथोडचा रेझिस्टर ४७० ओहमचा, म्हणून १९ भागिले ४७०, साधारण ४० मिलिॲम्पिअर. प्लेट ते कॅथोड ३२० व्होल्ट धरले तर पावणेतेरा वॅट, त्यातही थोडा करंट स्क्रीनचा, म्हणजे ६व्ही६मधल्या दुसऱ्या जाळीचा. ६व्ही६च्या जीटीए प्रकाराची मर्यादा १४ वॅट आहे, म्हणजे ठीक. हा हिशोब भाचीने केला. कॅथोडचा व्होल्ट मोजून व्हॉल्व्हच्या पोटातला करंट कळतो, हे तिला इतकं आवडलं की तिने तो तीनदा करून बघितला.

शेवटी वाळलेल्या बांबूच्या कामटीने प्रत्येक जोडावर टकटक करा. कच्चा जोड स्पीकरमधून कुरकुरतो. आमच्याकडे एक सापडला, इनपुट जॅकचा.

बाबा प्रत्येक रेडिओच्या आत पिनांचे व्होल्ट लिहिलेला कागद चिकटवायचे. भाचीनेही तसाच कागद लिहून कॅबिनेटच्या आत मागच्या फळीला लावला, खाली तारीख घातली, मग फळीचे सहा स्क्रू कसले आणि गिटारची वायर लावली.