मसाल्याचे प्रमाण दुसऱ्याच्या हाती देण्यापूर्वी

आपला मसाला दुसऱ्याच्या कारखान्यात दळून घेणाऱ्या लघुउद्योजकाने घटकांचे प्रमाण सांगण्यापूर्वीच गोपनीयता करारावर सही घ्यावी, कारण एकदा उघड झालेली माहिती नंतरच्या कागदाने पुन्हा गुप्त होत नाही. भारतात व्यापारी गुपितांसाठी स्वतंत्र कायदा नसल्यामुळे अशा वादात मुख्य आधार लेखी कराराचाच असतो. ‘सर्व माहिती गोपनीय’ असे मोघम लिहू नये. घटकांचे प्रमाण, भाजण्याची पद्धत, पुरवठादारांचे दर आणि ग्राहकांची यादी असा स्पष्ट उल्लेख करावा, माहितीचा वापर फक्त ठरलेल्या कामापुरताच होईल हे नमूद करावे, आणि काम संपल्यावर कागदपत्रे व त्यांच्या प्रती परत करण्याची मुदतही घालावी. नोकरी सोडल्यावर कामगाराने त्या व्यवसायात पडूच नये, अशी अट मात्र भारतीय करार कायदा, 1872 च्या कलम 27 नुसार सहसा टिकत नाही. गुप्तता पाळण्याची अट टिकू शकते, आणि हा फरक अनेकांच्या लक्षात येत नाही याची मला खरोखर काळजी वाटते. करार मोडल्यास द्यायच्या भरपाईची रक्कम वाजवी ठेवावी, कारण याच कायद्याच्या कलम 74 नुसार न्यायालय करारातील रकमेच्या मर्यादेत योग्य वाटेल तेवढीच भरपाई देते. कोणती माहिती कोणाला, कोणत्या तारखेला दिली, याची नोंद ईमेलवर ठेवावी.