गोधडी शिवून द्यायची असेल तर : तयारीची यादी

गोधडी कोणासाठी, हे ठरल्याखेरीज कपाटातले एकही लुगडे बाहेर काढू नये. हौसेने शिवणाऱ्यांचा ओढा आधी रंग जुळवण्याकडे असतो, आणि मग तयार झालेली गोधडी कोणाच्या तरी गळ्यात पडते. त्यापेक्षा घेणाऱ्याच्या घरी ती धुणार कोण आणि वाळत घालणार कुठे, एवढे विचारून घ्यावे. चार पदरी सुती गोधडी भिजली की एकट्या म्हाताऱ्या माणसाच्याने ती पिळवत नाही. अशा घरी दोन पदरांचीच द्यावी. तान्ह्या बाळासाठी तीन फूट चौरस दुपटे पुरते, मात्र ते अंगाखाली अंथरण्यासाठी आहे हे देतानाच सांगावे, कारण वर्षाच्या आतल्या बाळाच्या अंगावर झोपेत सैल, जाड पांघरूण घालू नये, असा डॉक्टरांचा सल्ला असतो. वसतिगृहाला किंवा वृद्धाश्रमाला द्यायची असल्यास खाटांचे माप, संख्या आणि तेथील कपडे यंत्रात धुतले जातात का, हे आधी फोन करून विचारावे.

जुनी नऊवारी हाती आली तर निम्मे काम झाले, कारण तिचे गणित आपोआप जुळते. नऊ वार म्हणजे 27 फूट. त्याची चौघडी केली की पावणेसात फूट लांब आणि पन्ह्याइतकी, म्हणजे साधारण पावणेचार फूट रुंद अशी चार पदरी गोधडी एकही जोड न देता होते. सहावारीच्या 18 फुटांतून सहा फुटांचे तीनच पदर निघतात, आणि उंच माणसाचे पाय बाहेर राहतात. प्रत्येक कापड दोन्ही अंगठ्यांनी ताणून पाहावे. चर्र असा बारीक आवाज आला की ते वरच्या पदराला न वापरता आत भरावे. सुती आणि कृत्रिम धाग्याचे कापड एकत्र करू नये, कारण धुतल्यावर सुती आटते, दुसरे आटत नाही, आणि गोधडीला पोळीसारखे फुगवटे येतात. नवे सुती कापड रात्रभर भिजवून त्याची खळ काढावी. गडद रंगावर ओले पांढरे फडके घासून पाहण्याचा कंटाळा मी एकदा केला. काठाचा लाल रंग पहिल्याच धुण्यात अस्तरात उतरला, आणि गोधडी तोवर देऊन झाली होती.

गेलेल्या माणसाची साडी कापायची असेल, तर घरातल्या सगळ्यांना विचारल्याशिवाय कात्री लावू नये, आणि ‘सगळ्यांना’ म्हणजे परदेशी असलेल्या लेकीलासुद्धा. एकीने आनंदाने आणून दिलेले पातळ दुसरीने जपून ठेवायचे ठरवलेले असते. परवानगी मिळाली तरी पदराचा हातभर तुकडा न कापता बाजूला ठेवावा. टिकल्या, हुक आणि टोचणारी जर मात्र आधीच उसवून काढावी.

दोऱ्याचा अंदाज नवशिक्यांचा हमखास चुकतो. पावणेचार फूट रुंदीत एकेक इंचावर धावदोरा घातला तर 45 ओळी होतात, म्हणजे नुसती शिवणच 300 फुटांच्या वर जाते. टाक्यांत आणि गाठींत जाणारा धरून सव्वाशे ते दीडशे मीटर जाड सुती दोरा एकाच वेळी आणावा, कारण पुढच्या खेपेला तीच छटा मिळेल याची खात्री नसते. ओळी अर्ध्या इंचावर हव्या असतील तर दुप्पट. सुईत दोरा हातभरच घ्यावा आणि मेणावरून ओढावा, म्हणजे गुंतत नाही. अंगुस्तान, खडू, लांब नाक्याच्या सुया एवढे पुरे. मशीन फक्त जोड आणि गोट यांसाठी.

पदर चटईवर पसरून, मधून कडांकडे सुरकुत्या सारून, वीतभर अंतरावर कच्चे टाके घालावेत. टाचण्या वापरल्याच तर त्यांची संख्या कागदावर लिहून ठेवावी. गोधडी संपल्यावर त्या मोजाव्यात, एक जरी कमी भरली तरी ती सापडेपर्यंत गोधडी द्यायची नाही. मग धुऊन कडक उन्हात वाळवावी आणि डांबराच्या गोळ्या न घालता सुती पिशवीत घालून द्यावी. सोबत चिठ्ठी असावी: गार पाणी, ब्लीच नाही, पहिली दोन धुणी वेगळी. किती महिने लागले, हे त्या चिठ्ठीत लिहू नये. नाहीतर ती गोधडी जन्मभर कपाटातच राहते.