पहिली शनिवारची सुट्टी उट्रेख्तला: आइंडहोवनला नव्याने निघालेल्यांसाठी

यंदा धानाची कापणी आणि चुरणी आटोपल्यावर भंडारा जिल्ह्याच्या पवनी तालुक्यातील माझ्या गावी तीन आठवडे राहण्याचा योग आला, आणि तेवढ्या दिवसांत शेजारच्या गावांतील चार घरची माणसे एकच चौकशी घेऊन आमच्या ओसरीवर येऊन गेली. मुलगा किंवा मुलगी हॉलंडमध्ये आइंडहोवनला निघाली आहे. तिथे पोचल्यावर आधी काय करावे? नगरपालिकेतील नोंदणी, बँकेचे खाते, आरोग्य विमा, या गोष्टी कंपनी किंवा विद्यापीठ सांगतेच. मी मात्र चौघांनाही एक वेगळेच काम सांगितले, आणि तेच येथे सविस्तर लिहितो आहे. बँकेचे कार्ड हातात पडले की पुढच्या शनिवारी, शक्यतो एकट्याने, रेल्वेने उट्रेख्त या शहरी जाऊन यावे.

अ‍ॅम्स्टरडॅम का नाही, असे विचारले जाते. अ‍ॅम्स्टरडॅमला तुम्ही जाणारच आहात, आणि बहुधा दहा जणांच्या घोळक्यातून जाणार आहात. त्या घोळक्यात कोणीतरी एक जुना माणूस सगळ्यांची तिकिटे काढतो, सगळ्यांना फलाटावर हाकत नेतो आणि बाकीचे नऊ जण काहीही न शिकता परत येतात. उट्रेख्त आइंडहोवनहून सुमारे पन्नास मिनिटांवर आहे, वाटेत गाडी बदलावी लागत नाही, आणि स्टेशनातून बाहेर पडल्यावर जुने शहर पायी फिरून होते. शिवाय ज्यांनी लहानपणी गोसीखुर्द धरणाचा नहर, म्हणजे कालवा, खोदला जाताना पाहिला आहे, त्यांना तेथील पाणी अधिक कळेल असे मला वाटते.

रेल्वेबद्दलची आपली समजूत आधी थोडी बाजूला ठेवावी लागते. माझी पहिली गाडी म्हणजे पवनी रोडहून नागपूरच्या इतवारीला जाणारी छोटी लाईन, जी २०१९ मध्ये रुंदीकरणासाठी बंद झाली. तिकीट खिडकीवर काढायचे, ते वरच्या खिशात जपायचे, जागा मिळाली तर बसायचे, हे तेव्हापासून अंगवळणी पडलेले. हॉलंडमध्ये देशांतर्गत गाडीला आरक्षण नसते, त्यामुळे वेटिंग नाही आणि आरएसीही नाही. फलाटावर शिरताना बँकेचे कार्ड यंत्राला लावायचे, उतरल्यावर तेच कार्ड पुन्हा लावायचे, आणि अंतरानुसार पैसे खात्यातून आपोआप वळते होतात. एक गाडी चुकली तर हळहळण्याचे कारण नाही. या मार्गावर कामाच्या दिवशी दिवसभर साधारण दर दहा मिनिटांनी गाडी असते आणि शनिवारीही फार थांबावे लागत नाही.

यातील ‘तेच कार्ड’ हे दोन शब्द पक्के लक्षात ठेवावेत. जाताना प्लास्टिकचे कार्ड लावले आणि उतरताना मोबाइलमधले लावले, तर खाते एकच असले तरी यंत्राच्या दृष्टीने ती दोन वेगळी कार्डे असतात, आणि दोन्ही प्रवास अर्धवट राहतात. नवरा-बायकोने एका कार्डावर दोघांचा प्रवास करता येत नाही. माणशी एक कार्ड लागते. मोठ्या स्टेशनांवर फाटके असल्यामुळे कार्ड लावल्याशिवाय बाहेरच पडता येत नाही, पण लहान स्टेशनांवर फलाटाच्या टोकाला नुसता एक खांब उभा असतो. हॉलंडमधल्या माझ्या पहिल्याच महिन्यात एका सहकाऱ्याकडे जेवायला गेलो होतो. तो मला घ्यायला स्टेशनवर आला होता, बोलत बोलत आम्ही त्या खांबापुढून निघून गेलो, आणि तेवढ्या विसराळूपणाचे माझे वीस युरो गेले. अशा वेळी ऑनलाइन अर्ज करून जास्तीचे पैसे परत मागता येतात, हे मला पुष्कळ उशिरा कळले. तुम्ही ते आजच वाचून ठेवले आहे.

सकाळी साडेसहा ते नऊ आणि दुपारी चार ते साडेसहा या कामाच्या दिवसांतील गर्दीच्या वेळा आहेत. त्या वेळा टाळणाऱ्यांना चाळीस टक्के सवलत देणारी मासिक वर्गणी मिळते, पण पहिल्याच फेरीसाठी तिच्या नादी लागू नये. महिन्यातून दोन-तीनदा प्रवास होऊ लागला की मग हिशोब करावा.

फलाटावर क्रमांकापुढे ‘a’ किंवा ‘b’ ही रोमन अक्षरे लिहिलेली असतात. लांबलचक फलाटाचे ते दोन भाग असून गाडी त्यांपैकी एकाच भागात उभी राहू शकते. दार उघडण्यासाठी बटण दाबावे लागते. गाडी सुटण्याच्या वेळेच्या थोडे आधीच दारे बंद होतात, त्यामुळे धावत्या गाडीचा दांडा पकडण्याचे आपले कसब येथे निरुपयोगी आहे. डब्यात खाण्यास कोणाची हरकत नसते. मी दोन पोळ्या, सुकी चटणी आणि चिवडा नेतो. लाखोरी डाळीच्या वड्यांचा डबा मात्र उतरल्यावरच उघडावा, कारण बंद डब्यात तो वास फार लांबवर जातो.

काही डब्यांच्या काचेवर ‘स्टिल्टे’ असे लिहिलेले असते. त्याचा अर्थ शांतता, आणि तेथे हलक्या आवाजातही बोलणे अपेक्षित नसते. मला तो शब्द ठाऊक नव्हता. अशाच एका डब्यात बसून मी स्पीकर लावून आईला खिडकीबाहेरची शेते दाखवत होतो, आणि तिकडून आई गाईला चारा टाकला की नाही हे कोणाला तरी ओरडून विचारत होती. समोरच्या वृद्ध बाई एक शब्दही बोलल्या नाहीत. त्यांनी बोटाने काचेवरचा तो शब्द दाखवला आणि पुन्हा पुस्तकात डोके घातले.

आता खिडकीबाहेरचे. वाटेतले डेन बॉस स्टेशन सुटले की पुस्तक आणि मोबाइल ठेवून द्यावा, कारण पुढच्या अर्ध्या तासात गाडी एकामागून एक तीन मोठ्या नद्या ओलांडते. आधी मास, मग झाल्टबोमलजवळ वाल, आणि क्यूलेम्बोर्खजवळ लेक. यांतील वाल आणि लेक हे राइन नदीचेच फाटे आहेत. क्यूलेम्बोर्ख येथे पहिला रेल्वेपूल १८६८ मध्ये झाला, आणि दीडशे मीटरहून लांब असलेल्या त्याच्या एका गाळ्याची तेव्हा युरोपभर ख्याती होती. पण पुलापेक्षा काठ पाहावेत. दोन्ही बाजूंना गवताने मढवलेली मातीची लांब पाळ दिसते, अगदी आपल्या मामा (माजी मालगुजारी) तलावाच्या पाळीसारखी. फरक इतकाच की आपली पाळ पाणी अडवून धानाच्या बांधीला पुरवण्यासाठी असते आणि तेथील पाळ पाण्याला शेतात येऊ न देण्यासाठी असते. नदीला पूर आला की तिचे पाणी पाळीपलीकडच्या घरांच्या जोत्यापेक्षा उंचावरून वाहते. १९९५ च्या हिवाळ्यात याच भागातून सुमारे अडीच लाख लोकांना खबरदारी म्हणून हलवावे लागले होते. भंडाऱ्यात २०२० च्या ऑगस्टमध्ये वैनगंगेचा पूर ज्यांनी पाहिला आहे, त्यांना ते गवताळ उंचवटे निव्वळ देखावा वाटणार नाहीत.

उट्रेख्तचे स्टेशन अवाढव्य आहे आणि पहिल्या वेळी गोंधळ होतोच. ‘सेंट्रम’ असे लिहिलेल्या पाट्यांच्या मागे जावे. वाटेत एक प्रचंड बाजारसंकुल लागते. तेथे न रेंगाळता पुढे आले की काथारैनसिंगल हा पाण्याचा पट्टा दिसतो. पवनीच्या परकोटाभोवती जसा खंदक, तसाच हा जुन्या शहराभोवतीचा खंदक होता. १९७० च्या दशकात मोटारींसाठी त्याचा मोठा भाग कोरडा करून तेथे रुंद रस्ता केला गेला; पुढे नागरिकांनी मतदानाने वेगळा कौल दिला, आणि २०२० मध्ये रस्ता उखडून पाणी पुन्हा सोडण्यात आले. आज जेथे होड्या चालतात तेथे काही वर्षांपूर्वी डांबर होते, हे माहीत असल्याशिवाय लक्षातही येत नाही.

तेथून दहा मिनिटांत आउदेखराख्त, म्हणजे जुना कालवा. गावातील एका काकाजींनी मला विचारले होते, “शहरातून नहर काहाले नेला जी? तेथं का धान लावतेत?” प्रश्न अगदी योग्य आहे. ११२२ मध्ये उट्रेख्तला शहराची सनद मिळाली, आणि त्याच सुमारास राइनच्या जुन्या पात्रावर वरच्या अंगाला बांध घातला गेला. नदी आटली तर व्यापार बुडणार, म्हणून मालाच्या नावा शहरापर्यंत आणण्यासाठी कालवे खोदले गेले. कालव्यातून निघालेली माती काठावर पडून काठ उंच झाले, आणि व्यापाऱ्यांनी आपल्या घराच्या तळघरापासून रस्त्याच्या खालून थेट पाण्यापर्यंत कमानदार कोठारे बांधली. त्यामुळे तेथे दोन मजली काठ तयार झाला: वर रस्ता, आणि एक जिना उतरून खाली पाण्यालगत अरुंद धक्का. पाण्याची पातळी दरवाजांच्या साहाय्याने राखलेली असल्यामुळे त्या कोठारांची दारे पाण्यापासून हातभर उंचीवर असूनही कोरडी राहतात.

हा जिना उतरल्याशिवाय परत येऊ नये. वरच्या पुलावरून छायाचित्र काढून निघून जाणारेच अधिक असतात. खाली गेले की शहराचा आवाज एकदम कमी होतो. डोक्यावरून सायकली जातात त्यांची नुसती खडखड ऐकू येते, विटांच्या भिंतीला हात लावला तर शेवाळाची ओल बोटांना लागते, आणि धक्क्यावर वाढलेल्या झाडांचे शेंडे वरच्या रस्त्याहून उंच गेलेले दिसतात. बऱ्याच कोठारांत आता खानावळी आहेत. त्या महाग आहेत. आपला डबा रिकाम्या बाकावर बसून खाल्ला तर कोणी उठवत नाही.

डॉमटोरन हा डॉम चर्चचा ११२ मीटर उंच मनोरा १३२१ ते १३८२ या काळात बांधला गेला. त्याच्या ४६५ पायऱ्या वाटाड्याबरोबरच चढता येतात, तेव्हा तिकीट आधी काढावे. मनोरा आणि चर्च यांच्यामध्ये मोकळा चौक का आहे, हे विचारल्याशिवाय राहवत नाही: १६७४ च्या वादळात मधला भाग कोसळला आणि तो पुन्हा बांधलाच गेला नाही.

वसंतात गेलात तर कालव्याच्या उत्तर टोकाला वेर्डस्लाउस या जलद्वारापर्यंत जावे. त्या दिवसांत मासे अंडी घालण्यासाठी वरच्या पाण्याकडे निघतात, पण होड्यांची ये-जा कमी असल्याने दार बंद असते. म्हणून २०२१ पासून पाण्याखाली कॅमेरा लावला आहे. कोणीही घरबसल्या इंटरनेटवर ते चित्र पाहावे, मासा ताटकळलेला दिसला की कळ दाबावी, आणि मग दारवाला दार उघडतो. हे मी आमच्या गावातील एका ढिवर, म्हणजे मासेमारी करणाऱ्या, मित्राला सांगितले, तेव्हा तो बराच वेळ गप्प राहिला आणि मग म्हणाला, “मासा दिसते, अन् सोडून देतेत?”

परतताना फलाटावरील पाटीवर आइंडहोवनचे नाव ठळक दिसेलच असे नाही. मास्ट्रिख्तसारखे पुढचे, शेवटचे गाव लिहिलेले असते. गोंदियाला जाणारा माणूस हावड्याच्या गाडीत बसतो, तसेच हे आहे. मधल्या थांब्यांची बारीक अक्षरे वाचूनच चढावे.

राहता राहिला घरी करायचा फोन. संध्याकाळी सातला खोलीवर पोचलात, तर गावी उन्हाळ्यात साडेदहा आणि हिवाळ्यात साडेअकरा वाजलेले असतात व घरची मंडळी झोपलेली असतात. म्हणून तो फोन दुपारीच, त्या खालच्या धक्क्यावर बसून करावा, म्हणजे आईला नहरही दाखवता येतो.