कोलेस्ट्रॉल थोडंसं वाढलंय? आधी या चुका टाळा

दिवाळी संपून आठवडाही झाला नव्हता, तेव्हा नाशिकच्या अंबड एमआयडीसीत दादाच्या कंपनीत आरोग्य तपासणीचं शिबिर लागलं. घरच्यांनाही सवलत होती, म्हणून मीही रक्त देऊन आले. दादा ३२ वर्षांचा, मी २८ ची. दोन दिवसांनी रिपोर्ट मोबाईलवर आले आणि दोघांचंही टोटल कोलेस्ट्रॉल तंतोतंत एकच निघालं, २१४. आईने त्याच संध्याकाळी माझी अंडी बंद केली. दादा मात्र म्हणाला, "२०० ला १४ च जास्त आहे, या वयात काय होतंय?"

आमच्या बाबांची ५१ व्या वर्षी अँजिओप्लास्टी झाली आहे. त्यामुळे हे वाक्य माझ्या डोक्यातून जाईना. पुढचे काही आठवडे आम्ही जे जे चुकीचं केलं, ते ओळखीच्या बहुतेक घरांत होताना दिसतं, म्हणून सविस्तर लिहिते आहे.

नुसत्या टोटलवर निकाल लावणं

आमच्या दोघांचं २१४ सारखं दिसत होतं, पण ते सारखं नव्हतं. दादाचं एलडीएल (ज्याला 'वाईट' कोलेस्ट्रॉल म्हणतात) १३८, एचडीएल ('चांगलं' कोलेस्ट्रॉल) ३८, ट्रायग्लिसराइड (रक्तातली दुसऱ्या प्रकारची चरबी) १९०. माझं एलडीएल १३०, एचडीएल ६६, ट्रायग्लिसराइड ९०. लॅबमध्ये सहसा ट्रायग्लिसराइडला ५ ने भागून व्हीएलडीएल, म्हणजे कोलेस्ट्रॉलचा तिसरा भाग, काढतात. म्हणजे दादाचं ३८, माझं १८. आता बेरीज करून बघा: १३८, ३८ आणि ३८ मिळून २१४, १३०, ६६ आणि १८ मिळूनही २१४. माझ्या बेरजेतला मोठा वाटा एचडीएलचा होता, जे कमी असण्याची काळजी करायची असते. दादाचं तेच कमी होतं आणि बाकी सगळं जास्त.

टोटलमधून एचडीएल वजा केलं की नॉन-एचडीएल मिळतं. रक्तवाहिन्यांच्या भिंतीत जाऊन बसणारं जे काही आहे, ते सगळं या एका आकड्यात येतं. दादाचं १७६, माझं १४८. कार्डिऑलॉजिकल सोसायटी ऑफ इंडियाने २०२४ मध्ये भारतीयांसाठी मार्गदर्शक सूचना काढल्या. त्यांत धोका कमी असलेल्या साध्या माणसासाठीही एलडीएल १०० च्या आत आणि नॉन-एचडीएल १३० च्या आत असावं असं म्हटलंय. म्हणजे मीही सुटले नव्हते. पण घरात घबराट माझ्या रिपोर्टची झाली आणि जास्त लक्ष द्यायला हवं होतं दादाच्या रिपोर्टकडे.

रिपोर्ट हातात आला की कागदावर चार आकडे ओळीने लिहा: एलडीएल, एचडीएल, ट्रायग्लिसराइड, नॉन-एचडीएल. पुरुषांचं एचडीएल ४० च्या खाली, बायकांचं ५० च्या खाली असेल तर ते कमी. ट्रायग्लिसराइड १५० च्या आत हवं. यातला कोणता आकडा बिघडलाय त्यावर ताटातलं काय बदलायचं ते ठरतं. सगळ्यांना एकच पथ्य लागू पडत नाही.

"या वयात काय होतंय"

वाढलेलं कोलेस्ट्रॉल दुखत नाही, खुपत नाही. चक्कर, डोकेदुखी, थकवा यांवरून ते ओळखता येत नाही; रक्त तपासल्याशिवाय कळत नाही. ५२ देशांत झालेल्या इंटरहार्ट अभ्यासात पहिल्या हार्ट अटॅकचं वय दक्षिण आशियात साधारण ५३ आणि इतरत्र ५९ च्या आसपास निघालं होतं. रक्तवाहिन्यांत थर साचायला वर्षानुवर्षं लागतात. आज १३८ असलेलं एलडीएल विशी-तिशीपासून तसंच राहिलं तर त्याचा हिशेब पन्नाशीत होतो. म्हणूनच त्या २०२४ च्या सूचनांमध्ये पहिली तपासणी १८ व्या वर्षीच करा असं सांगितलंय.

बारीक आहे म्हणून निश्चिंत राहणं हीसुद्धा याच जातीतली चूक. अंगाने सडपातळ आणि एलडीएल १६० अशी माणसं असतात. वजनापेक्षा कमरेचा घेर मोजा, बेंबीच्या पातळीवर, श्वास सोडून. आपल्याकडच्या पुरुषांना ९० सेंटिमीटर आणि बायकांना ८० ही मर्यादा धरतात. दादाचा घेर ९६ भरला. पँटचा नंबर ३४, त्यामुळे त्याला पटेना. पण पँट बेंबीच्या बरीच खाली बसते.

अंडं बंद, खारी चालू

आजार म्हशीला आणि इंजेक्शन पखालीला, असं आमच्या घरात झालं. अंड्याच्या बलकात कोलेस्ट्रॉल असतं हे खरं, पण खाण्यातल्या कोलेस्ट्रॉलपेक्षा सॅच्युरेटेड फॅटने, म्हणजे तूप, लोणी, साय, पाम तेल, वनस्पती तूप यांतल्या चरबीने, रक्तातलं एलडीएल जास्त वाढतं. एका अंड्यात अशी चरबी दीड-पावणेदोन ग्रॅम. मोठा चमचाभर तुपात नऊ ग्रॅमच्या आसपास. दिवसाला २००० कॅलरी खाणाऱ्याने ही चरबी २२ ग्रॅमच्या आत ठेवावी असं जागतिक आरोग्य संघटना सांगते, आणि एलडीएल वाढलं असेल तर त्याहूनही कमी. पोळीवरचं तूप, वरण-भातावरचं तूप, दुपारच्या चहाबरोबर दोन खाऱ्या, रात्री पनीर: २२ ग्रॅम कधी होतात ते कळतही नाही.

बेकरीच्या मालाकडे तर कुणी बघतच नाही. खारी, टोस्ट, क्रीमरोल, नानकटाई यांत बहुतेक ठिकाणी वनस्पती किंवा मार्गारिन असतं. अन्न सुरक्षा प्राधिकरणाने जानेवारी २०२२ पासून तेल-वनस्पतीतल्या ट्रान्स फॅटवर २ टक्क्यांची मर्यादा घातली आहे, ही चांगली गोष्ट. पण ट्रान्स फॅट कमी झालं म्हणजे सॅच्युरेटेड फॅट गेलं असं होत नाही.

तेल बदललं, मापलं नाही

तेलाच्या पिशवीवर 'कोलेस्ट्रॉल फ्री' असं ठळक लिहिलेलं असतं. कुठल्याच वनस्पतीजन्य तेलात मोजण्याजोगं कोलेस्ट्रॉल नसतं, त्यामुळे त्या शब्दांवरून तेल निवडू नका. घाण्याचं तेल चवीला छान, पण एका ग्रॅमला ९ कॅलरी त्याच्याही तेवढ्याच. खोबरेल घाण्याचं असो वा कसलंही, त्यातली बहुतांश चरबी सॅच्युरेटेडच असते.

आमच्याकडे मी एक साधी गोष्ट केली. पाच लिटरच्या नव्या डब्यावर मार्करने तारीख लिहिली. डबा २८ दिवसांत संपला. पाच लिटर म्हणजे साधारण ४५५० ग्रॅम. चौघांत वाटलं तर माणशी रोज ४० ग्रॅम, आणि बाबांची भाजी आई फोडणीआधीच वेगळी काढते, म्हणजे आम्हा तिघांच्या वाट्याला त्याहूनही जास्त. रोज माणशी २५ ते ३० ग्रॅमच्या वर जाऊ नये असं धरतात. आईला आकडा दाखवला तेव्हा ती थोडा वेळ डब्याकडे बघत राहिली. मग तिने बरणीतून सरळ कढईत ओतायचं बंद केलं, पोह्याचा एक चमचा डब्याशेजारी अडकवला. पुढचा डबा ४३ दिवस गेला. भाजीची चव बदलली असं कुणी म्हटलं नाही.

नाशिकचं खाणं सोडायचं का?

मिसळ सोडायची गरज नाही, आणि मला ती सोडायला सांगितलेलं आवडणारही नाही. मिसळीतली मोडाची मटकी ही एलडीएल कमी करायला मदत करणाऱ्या मोजक्या चविष्ट गोष्टींपैकी आहे, कारण तिच्यात विरघळणारे तंतू असतात. ते आतड्यात पित्ताम्लांना धरून बाहेर नेतात, आणि नवी पित्ताम्लं बनवायला यकृताला रक्तातलं कोलेस्ट्रॉल ओढावं लागतं. नुकसान होतं ते वरची तर्री, मूठभर शेव-फरसाण, तळलेला पापड, दोनाचे चार पाव आणि शेवटी जिलबी यांनी. दादा आता रविवारी मखमलाबाद रोडला गेला की मटकी जास्त, फरसाण वेगळ्या वाटीत आणि तर्री न घालता रस्सा असं सांगतो. पाव दोनच.

हेच तंतू राजमा, हरभरा, जवस, ओट्स, पेरू आणि इसबगोलात आहेत. रोज पाच ते दहा ग्रॅम पोटात गेले तर एलडीएल साधारण ५ टक्के उतरतं. आकडा लहान वाटतो, पण तो तूप-तेलाच्या कपातीवर वरकड मिळतो. नागलीची भाकरी आणि जवसाची किंवा खुरासणीची चटणी आपल्या जिल्ह्यात मिळते, स्वस्त आहे, आणि पाकिटातल्या फ्लेक्सपेक्षा पोटभरीची आहे.

दादाचं ट्रायग्लिसराइड मात्र तेलापेक्षा साखरेने वाढलं होतं. शिफ्टमध्ये दोन चहा, टपरीवर दोन कटिंग, घरी एक. कपाला दोन चमचे धरले तर दहा चमचे, म्हणजे ५० ग्रॅम साखर. त्यावर शनिवारी मित्रांबरोबर बसणं. इथे नाशिकमध्ये एक गैरसमज फार पक्का आहे, की रेड वाइन हृदयाला चांगली. द्राक्षं आपली, वायनरी आपल्या, म्हणून तो ऐकायला गोडही वाटतो. पण दारू कुठलीही असो, ट्रायग्लिसराइड वाढवते, आणि दारूचं कोणतंच प्रमाण सुरक्षित म्हणता येत नाही असं जागतिक आरोग्य संघटनेने २०२३ मध्ये स्पष्ट सांगितलंय. हृदयासाठी म्हणून कुणी सुरू करू नये. ज्यांचं ट्रायग्लिसराइड आधीच वाढलंय त्यांनी बंदच ठेवावी. ते ५०० च्या वर गेलं तर स्वादुपिंडाला सूज येण्याचा धोका असतो.

रविवारचा ट्रेक आणि बाकी सहा दिवस खुर्ची

हरिहर, अंजनेरी जरूर करा. पण महिन्यातून एकदाचा ट्रेक रोजच्या चालण्याची जागा घेत नाही. आठवड्याला १५० मिनिटं, दम लागेल पण बोलता येईल अशा गतीने, हे किमान. गोदापार्क आहे, कृषीनगरचा ट्रॅक आहे, आम्ही पांडवलेणीच्या पायऱ्या धरल्या. व्यायामाने एलडीएल फारसं हलत नाही हे आधीच सांगते, नाहीतर हिरमोड होतो. ट्रायग्लिसराइड उतरतं, एचडीएल हळूहळू चढतं. सिगारेट ओढत असाल तर एचडीएल खाली ठेवायचं काम ती रोज करते आहे.

बाबांच्या पाकिटातली गोळी

ही चूक सांगताना अजूनही वाईट वाटतं. एका नातेवाइकांनी दादाला सांगितलं, बाबांची ॲटोर्वास्टॅटिन, म्हणजे कोलेस्ट्रॉल उतरवणारी स्टॅटिन गटातली गोळी, घरात आहेच, अर्धी घेत जा. त्याने चार दिवस घेतली. आम्हाला कळलं ते बाबांच्या गोळ्या कमी भरल्या तेव्हा. स्टॅटिन हे उत्तम औषध आहे, बाबा त्याच्या जोरावर उभे आहेत. पण कुणाला, किती आणि कधी हे डॉक्टरच ठरवणार. गर्भधारणेचा विचार करत असलेल्या मुलींनी तर हे आधी बोलायलाच हवं, कारण त्या काळात स्टॅटिन सहसा देत नाहीत. उलट बाजूची चूकही तेवढीच वाईट: डॉक्टरांनी लिहून दिलेली गोळी मोबाईलवरचा एखादा मेसेज वाचून बंद करणं. लसूण, दालचिनी, व्हिनेगर यांनी ती भरून निघत नाही. रेड यीस्ट राईसच्या कॅप्सूल नैसर्गिक म्हणून विकतात, पण त्यातला मोनाकोलिन के हा घटक म्हणजे रसायन म्हणून लोव्हास्टॅटिनच. ती गोळीच झाली, फक्त मापाशिवाय.

मागचं कारण न शोधणं

थायरॉइड मंदावलं की एलडीएल वाढतं. त्यामुळे टीएसएच (थायरॉइडची रक्ततपासणी) केल्याशिवाय पथ्याला दोष देऊ नका. मधुमेह, मूत्रपिंडाचे काही आजार, स्टेरॉइड, मुरमांसाठीची आयसोट्रेटिनॉइन यांनीही आकडे बिघडतात. चालू असलेल्या सगळ्या औषधांची यादी डॉक्टरांना दाखवा. एलडीएल १९० च्या वर असेल तर तो थोडासा वाढलेला राहत नाही. तिथे आनुवंशिक कारणाचा विचार करावा लागतो आणि सख्ख्या भावंडांनीही तपासून घ्यावं.

वडील किंवा भावाला ५५ च्या आत, आई किंवा बहिणीला ६५ च्या आत हृदयविकार झाला असेल तर हे डॉक्टरांना स्वतःहून सांगा, विचारायची वाट बघू नका. आम्ही सांगितलं तेव्हा त्यांनी लायपोप्रोटीन ए (एलडीएलसारखाच रक्तातला एक कण) ही तपासणी लिहून दिली. हा आकडा जन्मजात ठरलेला असतो, खाण्या-पिण्याने बदलत नाही, म्हणून आयुष्यात एकदा करून घेतली तरी पुरते. ५० च्या वर (मिलिग्रॅम प्रति डेसिलिटर) असेल तर धोका जास्त धरतात.

दिवाळीनंतर लगेच तपासणी, आणि मग कधीच नाही

पहिली तपासणी आम्ही फराळाच्या दिवसांत केली हेही चुकलंच. लिपिड प्रोफाइल, म्हणजे कोलेस्ट्रॉलची ही तपासणी, उपाशीपोटीच करायला हवं असं आता राहिलेलं नाही. पण ट्रायग्लिसराइड बरंच जास्त आलं तर बारा तास उपाशी राहून पुन्हा करावं. आदल्या रात्री दारू नको, ताप येऊन गेला असेल तर काही आठवडे थांबा. खाण्यात बदल केल्यावर पंधरा दिवसांत पुन्हा रक्त द्यायला धावू नका. दोन-तीन महिने द्या, आणि शक्यतो त्याच लॅबमध्ये जा.

आम्ही मार्चमध्ये गेलो. माझं टोटल १९९, एलडीएल ११८. दादाचं वजन चार किलोने उतरलेलं, ट्रायग्लिसराइड १९० वरून १४०, एचडीएल ४०, एलडीएल १२४, टोटल १९२. त्याला वाटलं, काम झालं. पण त्याचं लायपोप्रोटीन ए ६८ निघालं, माझं १४. डॉक्टरांनी त्याला समोर बसवून सांगितलं की बाबांचा इतिहास आणि हा आकडा एकत्र धरला तर १२४ पुरेसं नाही. अजून तीन महिने हेच नेटाने कर, मग गोळीचं बोलू. दादाने यावेळी एकही उलट प्रश्न केला नाही. घरी आल्यावर त्याने स्वतःच कॅलेंडरचं जूनचं पान उलटलं आणि दुसऱ्या शनिवारभोवती पेनाने गोल केला.