डॉक्टरची तक्रार कौन्सिलकडे करताय? आधी या चुका टाळा

इंदूरमध्ये डॉक्टरवर भडकलेला माणूस पहिलं काय करतो तर 181 ला, म्हणजे सीएम हेल्पलाइनला फोन लावतो, नाहीतर मंगळवारी कलेक्टर ऑफिसच्या जनसुनवाईत जाऊन उभा राहतो. जा, हरकत नाही, पण डॉक्टरचं रजिस्ट्रेशन थांबवायचा अधिकार भोपाळच्या मध्यप्रदेश मेडिकल कौन्सिलकडे आहे, अर्ज तिथे गेला पाहिजे.

आणि ती कौन्सिल फक्त अ‍ॅलोपॅथीवाल्यांची. दातांच्या डॉक्टरची वेगळी, होमिओपॅथीची वेगळी, नर्सची वेगळी. डिग्रीच नसलेला कुणी पाटी लावून बसला असेल तर सरळ सीएमएचओकडे, म्हणजे जिल्ह्याच्या मुख्य आरोग्य अधिकाऱ्याकडे जा, रजिस्टरात नावच नाही तर कौन्सिल काढणार काय? तक्रार नुसती 'अमुक हॉस्पिटल' वर करूनही भागत नाही, डॉक्टरचं नाव आणि रजिस्ट्रेशन नंबर लागतो. नंबर प्रिस्क्रिप्शनवर सापडेल, डॉक्टरांच्या आचारसंहितेच्या 2002 च्या नियमांप्रमाणे तो लिहावाच लागतो.

खरं घोडं अडतं ते कागदांवर. लोकं बिल आणि डिस्चार्ज समरी घेऊन घरी येतात, बस्स. पण बीपी कधी घेतलं, डॉक्टर राउंडला किती वाजता आले, ऑपरेशनमध्ये काय केलं, हे सगळं भरती असतानाच्या केस पेपरात असतं आणि ते हॉस्पिटलातच राहतं. मागितल्यावर 72 तासांत द्यावं लागतं. "मागितलं हो, देत नाहीत" म्हणतात, आणि खोदून विचारलं तर काउंटरवरच्या मुलीला तोंडी सांगितलेलं असतं! अर्जाच्या दोन प्रती न्या, एकीवर तारखेचा शिक्का घ्या, नाही म्हणाले तर स्पीड पोस्टने पाठवा. तरी दिलं नाही तर तोच तक्रारीचा वेगळा मुद्दा होतो. उशीर मात्र नको, रेकॉर्ड सांभाळायचं बंधन इलाज सुरू झाल्यापासून 3 वर्षांचंच आहे.

अर्जात "डॉक्टरने आमच्या आईला मारलं" असं लिहू नका. राग समजतो, पण त्यावर चौकशी काय करणार? "रात्री 9 ला श्वास लागला, नर्सने फोन केला, डॉक्टर सकाळी 8 ला आले" असं लिहा, शेजारी केस पेपरचं पान जोडा. इलाज करूनही बरं वाटलं नाही, एवढ्यावर हलगर्जीपणा ठरत नाही.

सगळ्यात महागात पडणारी चूक म्हणजे कौन्सिलचा निकाल आला की मग पैशांचं बघू म्हणून बसून राहणं. कौन्सिल ताकीद देते, काही काळ किंवा कायमचं नाव काढते, नुकसानभरपाई देत नाही. त्यासाठी उपभोक्ता आयोग, तिथली मुदत 2 वर्षं. कौन्सिलने 6 महिन्यांत निकाल द्यावा असं नियमात आहे, पण त्या भरवशावर राहू नका, दोन्हीकडे बरोबरच अर्ज टाका. मात्र जिथे सगळ्यांनाच फुकट इलाज मिळतो अशा सरकारी दवाखान्याची केस आयोगात चालत नाही, सुप्रीम कोर्टाने 1995 मध्येच सांगितलंय. कौन्सिलकडे सरकारी डॉक्टरचीही तक्रार करता येते.

राहता राहिलं पोलीस ठाणं. तिथे साधी चूक पुरत नाही, घोर निष्काळजीपणा लागतो आणि दुसऱ्या डॉक्टरचं मतही, तेव्हा तिकडे जायच्या आधी ती केस पेपरची फाइल एखाद्या ओळखीच्या डॉक्टरला दाखवून घ्या.