कला-इतिहासाचे पदव्युत्तर शिक्षण: अर्ज आणि पैशांची तजवीज

खान्देशातील विद्यार्थ्याने अर्जाची सुरुवात ‘मला लहानपणापासून कलेची आवड आहे’ या वाक्याने करू नये, कारण निवड समितीला आवड नव्हे, नजर पाहायची असते. त्यापेक्षा साक्री तालुक्यातील बलसाण्याच्या मंदिरांसमोर दिवसभर बसावे, द्वारशाखांवर, म्हणजे दाराच्या चौकटीच्या उभ्या पट्ट्यांवर, काय कोरले आहे, ललाटबिंबावर, म्हणजे चौकटीच्या माथ्यावर मधोमध, कोण आहे, दगड कुठे झिजला आहे हे वहीत उतरवावे आणि त्या नोंदींतून एकच प्रश्न उभा करून लेखनाचा नमुना तयार करावा. अजिंठा जवळ असला तरी त्यावर सगळेच लिहितात.

देशात बडोद्याच्या महाराजा सयाजीराव विद्यापीठाची १९५० साली सुरू झालेली ललित कला विद्याशाखा पहिली पाहावी. जळगावहून सुरतमार्गे तिथे जाणे अवघडही नाही. शिफारसपत्रासाठी प्राध्यापकांना दोन महिने आधी भेटावे.

पैशांचे गणित मात्र अभ्यासक्रमागणिक बदलते. नेट या राष्ट्रीय पात्रता परीक्षेतून मिळणारी कनिष्ठ संशोधन पाठ्यवृत्ती, जी २०२३ पासून सुरुवातीला दरमहा ३७,००० रुपये आहे, पीएचडीसाठी असते, एमएसाठी नव्हे. अमेरिकेतील अनेक विद्यापीठे पीएचडीला शुल्कमाफी आणि विद्यावेतन देतात, एमएला क्वचितच. अनुसूचित जातींच्या विद्यार्थ्यांचा आधार असलेल्या केंद्राच्या राष्ट्रीय परदेशी शिष्यवृत्तीतून २०२२ मध्ये भारतीय संस्कृती, वारसा आणि इतिहास हे विषयच वगळण्यात आले, जे माझ्या मते अन्यायाचे आहे. म्हणून चालू वर्षाची नियमावली वाचल्याशिवाय या शिष्यवृत्तीवर विसंबू नये. उत्पन्नाचा दाखला आणि जातवैधता प्रमाणपत्र आधीच काढून ठेवावे.